कलम : एका शब्दाची कुळकथा

(कळंब येथील ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्यवस्थापक मंडळींनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली आणि विषय मात्र आमच्यावरच सोपविला. आमच्या वयाच्या माणसास असे मोकळे सोडणे धोक्याचे असते. कारण मग तो आपल्या तरुणपणापासून आरंभ करतो आणि जेवणाची पाने मांडली तरी तेथून हलत नाही. सुदैवाने विषय आम्हांस शोधावा लागला नाही. संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेनेच तो दिला. पत्रिकेच्या माथ्यावर आमच्या एका उत्साही तरुण मित्रांनी छापले आहे की, 'कलम चालविणाऱ्यांचे गाव, म्हणून कळंब.' वाक्य सुंदर आहे. आपल्या ज्ञातीने पिढ्यान्‌पिढ्या लेखणीवर पोट भरले, चिटणीशी केली, दप्तरे सांभाळली, तेव्हा ते ऐकून कोणासही बरे वाटावे. परंतु ते खरे नाही. आणि खोट्या भूषणापेक्षा खरी हकीकत अधिक मनोरंजक असते, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम गावाच्या नावाचा उलगडा करू. कळंब हे झाडाचे नाव आहे. संस्कृतातील 'कदंब' शब्दातील 'द'चा प्राकृतात 'ल' होतो, हे वररुचीने आपल्या प्राकृत व्याकरणात सांगितले आहे आणि बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या हेमचंद्रानेही नोंदविले आहे. कदंबाचा 'कलंब' झाला आणि मराठीने त्याचा 'कळंब' केला. ग्रंथांतला कदंब आणि आपले शेतकरी ज्यास कळंब किंवा कळम म्हणतात तो वृक्ष ही वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकाच कुळातील दोन भावंडे होत. दोघांचीही फुले चेंडूसारखी गोल गुच्छाने येतात. मुरबाडच्या वाटेवरचे हे आपले कळंब काही एकटे नाही. धाराशिव जिल्ह्यात कळंब आहे, यवतमाळ जिल्ह्यात चिंतामणीचे कळंब आहे, पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत कळंब आहे. या सर्व ठिकाणी लेखणीबहाद्दर राहत होते असे म्हणावयाचे झाल्यास मग महाराष्ट्रात नांगर कोण धरीत होते, असा प्रश्न पडेल. वड, पिंपळ, उंबर, आंबा यांच्यावरून जशी गावांची नावे पडली तसेच हे एक.

आता कोणी म्हणेल की, कळंब आणि कलम यांचे ध्वनी इतके जवळचे, तर यांचे नाते नसेल कशावरून? याचे उत्तर कोशात पाहावयास नको. ते आपल्या जिभेवर आहे. मराठीत दोन स्वरांमध्ये सापडलेला जुना एकेरी 'ल' हा 'ळ' होतो. फलाचे फळ झाले, कमलाचे कमळ झाले, कालाचा काळ झाला, आणि आपल्या शिवारात पिकणाऱ्या शालीची 'साळ' झाली. ('चालणे', 'बोलणे' यांत 'ल' राहिला, कारण प्राकृतात तो जोडलेला, दुहेरी होता.) परंतु जे शब्द फार उशिरा, मुसलमानी अमदानीत फारसीच्या द्वारे आले, त्यांच्या 'ल'ला हा नियम लागला नाही. म्हणून आपण सलाम म्हणतो, सळाम म्हणत नाही. वकील म्हणतो, वकीळ म्हणत नाही. मालक, जुलूम, हवालदार हे सर्व 'ल' घेऊनच आले आणि 'ल' घेऊनच राहिले. कलम त्यांच्याच पंगतीत बसते. कळंबातील 'ळ' सांगतो की हा शब्द घरचा, फार जुना; कलमातील 'ल' सांगतो की हा पाहुणा, मागाहून आलेला. एका अक्षराची ही साक्ष पुष्कळ दानपत्रांपेक्षा अधिक विश्वासाची आहे, कारण तिच्यात कोणास खाडाखोड करता येत नाही.

हा पाहुणा आला तरी कोठून?

त्याचे मूळ घर ग्रीस देशात. ग्रीक भाषेत 'कालामोस' म्हणजे नदीकाठी वाढणारा बोरू, वेत, देवनळ. त्या पोकळ काडीचे माणसाने काय काय केले पाहा. भोके पाडली तेव्हा पावा झाला, दोरी बांधली तेव्हा गळाची काठी झाली, टोक तिरपे कापून मध्ये चीर दिली तेव्हा लेखणी झाली; आणि या सर्वांस ग्रीक मनुष्य 'कालामोस'च म्हणे. रोमन लोकांनी तो शब्द उचलून 'कालामुस' केला. त्याचे वंशज युरोपात पुष्कळ आहेत. फ्रेंचांची वाद्याची नळी 'शालुमो' ही त्यांतलीच. इटलीत दौतीस जे नाव पडले ते यावरूनच, आणि दौतीसारखी काळी शाई पोटात बाळगणाऱ्या माशासही त्यांनी तेच नाव दिले. आपल्या कोळी बांधवांच्या टोपलीत जो माकूल असतो, तोच हा मासा. आपल्या घरातही हा शब्द लॅटिन वेषात लपून बसला आहे. तान्ह्या मुलास गुटी उगाळून देताना जे वेखंड घेतात, त्याचे शास्त्रीय नाव 'अ‍ॅकोरस कॅलॅमस'. आणि ज्याच्या छड्या आम्ही शाळेत खाल्ल्या त्या वेताच्या जातीस वनस्पतिशास्त्रज्ञ 'कॅलॅमस'च म्हणतात. पंतोजींच्या एका हातात एक कलम आणि दुसऱ्या हातात दुसरे, असा तो योग होता.

ग्रीकांकडून हा शब्द पूर्वेकडे सरकला. यहुदी लोकांच्या हिब्रूत तो 'कुल्मुस' झाला, अरबीत 'कलम' झाला. अरबी वैयाकरणांना तो परका वाटत नाही. कारण त्यांच्या भाषेत त्याच अक्षरांचा छाटणे, तासणे, नखे काढणे अशा अर्थाचा धातू आहे, आणि तासून केलेली ती कलम, अशी व्युत्पत्ती त्यांस घरीच सापडते. तुलना करून पाहणाऱ्या पंडितांचा कौल मात्र ग्रीकाकडे आहे. अरबांनी या शब्दाला जो मान दिला तो ग्रीकांनी कधी दिला नव्हता. कुराणातील अडुसष्टाव्या अध्यायाचे नावच 'कलम' आहे, आणि ईश्वराने मनुष्यास कलमेच्या योगे ज्ञान दिले असा उल्लेख त्या ग्रंथाच्या अगदी आरंभकाळच्या वचनांत येतो. धर्मग्रंथाचा आधार लाभल्यावर शब्दास पंख फुटतात. इराणात, तुर्कस्थानात तो गेला. व्यापारी गलबतांच्या संगतीने आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिलीत 'कलामु' झाला, मलाया द्वीपकल्पात 'कलाम' झाला. आणि १३४७ साली दक्षिणेत बहामनी राज्य स्थापन झाल्यावर फारसी दप्तराबरोबर त्याने महाराष्ट्रात कायमचे बिऱ्हाड केले.

येथे आपल्या पूर्वजांची एक गंमत सांगितली पाहिजे. लिहिण्याचे साहित्य घ्या. कागद हा शब्द फारसीतून आला, शाई फारसीतून, दौत अरबीतून, कलम अरबीतून. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस या आडनावांतील शेवटचा 'नीस'सुद्धा फारसी असून त्याचा अर्थ लिहिणारा. ज्या लेखणीचा आपण एवढा अभिमान बाळगतो तिच्या पेटीतून परकी शब्द काढून टाकले तर आत लेखणी, बोरू आणि टाक एवढेच शिल्लक राहतात. शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राजव्यवहारकोश करविला. त्यात स्वतंत्र 'लेखनवर्ग' आहे, आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो थोर प्रयत्न होता. तरीही पुढील दीडशे वर्षे मराठ्यांची दप्तरे पाहिली तर प्रत्येक यादीत, प्रत्येक तहनाम्यात 'कलम १', 'कलम १' असे मांडलेले आढळते. राजाची इच्छा आणि कारकुनाची सवय यांच्या झगड्यात बहुधा कारकूनच जिंकतो. १९२५ साली माधव ज्यूलियन यांनी फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध केला. आपल्या रोजच्या बोलण्यातील किती शब्द तिकडचे आहेत हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी तो अवश्य चाळावा.

मराठीत आल्यावर या शब्दाने जो विस्तार केला तो पाहण्यासारखा आहे. लेखणी हा एक अर्थ. लेखणीने मांडलेली बाब, म्हणून यादीतील वा करारातील एक रकम किंवा अट, तेही कलम. तुर्की भाषेतही यादीतील एकेका बाबीस हाच शब्द लावतात, आणि दफ्तराच्या खात्यासही. तेथून तो कायद्यात शिरला. राज्यघटनेच्या अधिकृत मराठी प्रतीत 'अनुच्छेद' शब्द योजिला आहे. परंतु इतर कायद्यांची कलमे ती कलमेच राहिली. १ जुलै २०२४ पासून जुनी भारतीय दंडसंहिता जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीच्या कलमाचा आकडा ४२० होता तो ३१८ झाला. तथापि लबाड माणसास कोणी 'तीनशे अठरा' म्हणेल असे आम्हांस वाटत नाही. आकडा गेला, शिवी राहिली.

चित्रकलेच्या एकेका परंपरेसही कलम म्हणतात. कांगडा कलम, पहाडी कलम. आंध्रातील कलमकारी वस्त्रे आपल्या भगिनींस ठाऊकच आहेत. वाण्याच्या दुकानातील कलमी सोरा हा कांडीसारख्या लांबट खड्यांचा, म्हणून कलमी. हिंदीत मान उडविण्यास 'सर कलम करना' म्हणतात, आणि कानशिलावरचे केस न्हावी तिरपे कापतो त्यांसही कलमच म्हणतात; म्हणजे मान आणि केस यांस एकच शब्द, केवळ वस्तऱ्याने किती खाली जावे एवढाच फरक.

आणि मग आंब्याचे कलम. लेखणी आणि झाड यांचा काय संबंध, असा प्रश्न आम्हांस पुष्कळ वर्षे पडत असे. एकदा एका रोपवाटिकेत कलम बांधताना समक्ष पाहिले आणि उलगडा झाला. माळ्याने हापूसची बोटाएवढी काडी घेतली, धारदार चाकूने तिचे टोक तिरपे तासले, खुंटावर तसाच छेद दिला आणि दोन्ही जुळवून पट्टी गुंडाळली. तासलेली ती काडी हातात घेऊन आम्ही पाहतच राहिलो. ती हुबेहूब बोरू होती! शाईत बुडविली असती तर लिहू लागली असती. ज्या हाताने लेखणी तासली त्याच हाताने फांदी तासली, आणि भाषेने दोन्हींस एकच नाव दिले. हे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. फारसीत रोपाच्या लावावयाच्या काडीस 'कलमे' म्हणतात, तुर्कीत कलम बांधण्याच्या काडीस 'कलेम' म्हणतात, आणि अरबांच्याही कितीतरी आधी, पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने बागाइतीविषयी लिहिताना कलमाच्या काडीस 'कालामुस' हाच शब्द वापरला आहे. भेटकलम, कोयकलम, गुटीकलम हे शब्द तोंडात असलेल्या आपल्या बागाइतदारास प्लिनीचे ते प्रकरण वाचून दाखविले तर त्यास ते शेजारच्या गावचे वाटेल.

आता जेथे आमचे आणि कित्येक विद्वान मित्रांचे पटत नाही त्या मुद्द्याकडे वळतो. हे मित्र म्हणतात, 'कलम' शब्द संस्कृतात आहे. तेव्हा ग्रीक आणि अरब यांनीच तो आपल्याकडून नेला. शब्द संस्कृतात आहे ही गोष्ट खरी. अमरकोशात शालीच्या, म्हणजे भाताच्या, जाती सांगताना कलमाचे नाव प्रथम घेतले आहे. चरकाने तांदळांच्या गुणदोषांचा विचार करताना रक्तशाली, महाशाली यांच्या पाठोपाठ कलम सांगितला आहे. कालिदासाने तर रघुवंशाच्या चौथ्या सर्गात या भाताची अशी उपमा योजिली आहे की, ती आपल्या कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्यानेच पूर्णपणे समजून घ्यावी. रघूने वंग देशाच्या राजांना उपटले आणि पुन्हा त्यांच्या गादीवर बसविले. तेव्हा ते कलम भाताप्रमाणे त्याच्या पायांशी वाकले आणि त्यांनी त्यास फळ दिले. उपटणे आणि पुन्हा रोवणे! राब भाजून रोप तयार करावयाचे, आषाढाच्या चिखलात ते उपटून मुठी बांधावयाच्या आणि दुसऱ्या खाचरात लावणी करावयाची, हे ज्याने केले आहे त्यास टीकेची गरज नाही. पंडितमंडळी या श्लोकावर व्याख्या लिहितात. आमच्या घरी लावणीस येणाऱ्या बाया तो श्लोक गुडघाभर पाण्यात उभ्या राहून करीत असत.

परंतु भाताचा कलम आणि ग्रीकांचा कालामोस यांना सख्खे भाऊ मानण्यास एक अडचण आहे. ग्रीक शब्दाचे खरे भाऊबंद इतरत्र सापडतात. जर्मन भाषेत धान्याच्या ताटास 'हाल्म' म्हणतात, रशियनमध्ये पेंढ्यास 'सलोमा' म्हणतात. रशियन शब्दात आरंभी 'स' आहे हे ध्यानात ठेवा. ज्या शब्दांत ग्रीकात 'क' आणि रशियनमध्ये 'स' येतो त्यांत संस्कृतात 'श' येतो. शंभराला ग्रीकात 'हेकातोन', रशियनमध्ये 'स्तो', संस्कृतात 'शत'. दहाला ग्रीकात 'डेका', रशियनमध्ये 'देस्यात', संस्कृतात 'दश'. म्हणजे ग्रीक कालामोसचा सख्खा भाऊ संस्कृतात असता तर त्याच्या आरंभी 'श' असता, 'क' नसता. भाताचा कलम हा निराळ्या घरचा. नाव तेवढे सारखे. मध्ययुगीन संस्कृत कोशकारांनी कलमाचा लेखणी असाही अर्थ दिला आहे खरा, पण तो अर्थ बाहेरून येऊन भाताच्या शब्दावर बसला. खुंट आपला, काडी परदेशची. वाड्याच्या कोलमाचेही नाते या कलमाशी जोडण्याचा मोह काही जणांस होतो. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने आपल्याला कितीतरी जाती दिल्या, त्यांची नावे साधी आकड्यांची आहेत. तेथे व्युत्पत्तीस वाव नाही ही त्या केंद्राची आम्हां शब्दवेड्यांवर मोठी कृपाच म्हणावयाची.

त्या मध्ययुगीन कोशांपैकी मेदिनीकोशात कलम शब्दाचे तीन अर्थ एका ओळीत दिले आहेत. लेखणी, भात आणि चोर.

महाविद्यालयात असताना तो कोश प्रथम उघडला तेव्हा त्या तिसऱ्या अर्थावर आमचे बोट थांबले आणि आम्हांस मोठ्याने हसू आले. ग्रंथपालांनी डोळे वटारले. हसण्याचे कारण त्यांस सांगणे शक्य नव्हते. ते आज येथे सांगतो. १९५७ साली आम्ही आठ वर्षांचे होतो. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा तोवर झालेलाच होता, आणि त्यात मागाहून झालेल्या दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो जमीन कसत होता त्या कुळास, कायद्याने ठरविलेल्या अपवादांखेरीज, तिचा खरेदीदार मानण्यात आले. किंमत ठरविण्याची चौकशी ३२-ग या कलमाखाली होई. आमची नदीकाठची साडेतीन एकर भातजमीन अशीच गेली. घरात त्या वर्षी दुसरे बोलणे नव्हते. आजोबा ओटीवर बसून येईल त्यास सांगत, 'कलम बत्तीसने नेली हो!' आम्हां मुलांस वाटे, कलम हा कोणी दरोडेखोर असावा आणि बत्तीस त्याच्या टोळीतली माणसे. रात्री झोपण्यापूर्वी आम्ही मागल्या दाराची कडी दोनदा तपासून येत असू. एवढी मोठी जमीन ते डोक्यावरून कशी नेणार, असा प्रश्न धाकट्या भावाने विचारला होता. त्याचे उत्तर आम्हांस देता आले नाही. मेदिनीकाराने कलमाचा अर्थ चोर दिला आहे हे पाहिल्यावर आठ वर्षांच्या त्या मुलास शतकांपूर्वीचा एक पाठीराखा मिळाला, म्हणून ते हसू.

ते हसू पुढे पुष्कळ वर्षांनी मावळले. वडील निवर्तल्यावर घराचे छप्पर उतरविण्याचा प्रसंग आला. माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. तीत सुतळीने बांधलेली बोरूंची जुडी, पितळेची कोरडी दौत आणि मोडी कागदांचा एक गठ्ठा निघाला. तोवर आम्ही निवृत्त झालो होतो आणि वेळ घालविण्यासाठी मोडी शिकलो होतो. कागद पणजोबांच्या हातचे. अक्षर इतके सुरेख, की पाहत राहावे; एकटाकी, न थांबता, रांगोळीच्या रेघेसारखे ओढलेले. त्यांत एक गहाणखत होते. आषाढात खावटीसाठी नेलेल्या पाच मण भाताबद्दल ते लिहून घेतलेले. चार कलमे होती. पहिले कलम, भात किती नेले. दुसरे, ते दीडीने फेडावयाचे, म्हणजे पाचाचे साडेसात. तिसरे, मार्गशीर्षअखेर न फेडल्यास जमीन धनकोच्या ताब्यात. चौथे, तीच जमीन ऋणकोने पुढे खंडाने कसावी आणि निम्मे पीक घरी आणून घालावे. खाली सहीच्या जागी 'निशाणी नांगराची' असे लिहून एक लहानसा नांगर काढलेला होता.

जुन्या कागदांची ज्यांना ओळख आहे त्यांस ही चाल ठाऊक आहे. ज्यास लिहिता येत नसे त्या शेतकऱ्याच्या नावापुढे नांगराचे चित्र काढीत. आम्ही तो नांगर भिंग घेऊन पाहिला. हाळीस, रुमणे, फाळ, सर्व बेताचे आणि डौलदार. शाई तीच, बोरूची जाडी तीच, वळण तेच. नांगरसुद्धा पणजोबांनीच काढला होता. ज्याची जमीन त्याने त्या कागदास बहुधा बोटही लावले नव्हते. कागदात काय लिहिले आहे हे त्यास वाचून दाखविले असेल तेवढेच त्यास ठाऊक. आणि वाचून दाखविणारेही पणजोबाच.

कागदात चतुःसीमा दिल्या होत्या. पूर्वेस ओढा, उत्तरेस नदी. ती आमचीच साडेतीन एकर. ऋणकोचे आडनाव आणि वाडी १९५७ सालच्या आमच्या कुळाचीच. आजोबा ज्या जमिनीसाठी ओटीवर बसून हळहळत होते ती आमच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी चार कलमांनी आली होती, आणि एका कलमाने मूळ घरी परत गेली. आजोबांस हे ठाऊक होते की नव्हते, हे विचारावयास आता कोणी नाही. पेटी त्यांच्याच माळ्यावर होती.

मराठीत 'कलमकसाई' असा एक शब्द आहे. सुरी न वापरता केवळ लेखणीने दुसऱ्याचा गळा कापणाऱ्यास तो लावतात. तो शब्द आम्ही लहानपणापासून ऐकत होतो, परंतु तो नेहमी दुसऱ्याच कोणास लावलेला असे. तालुक्याच्या कारकुनास, सावकाराच्या मुनीमास. आपल्या घराण्याच्या कैफियतीत तो शब्द येत नाही. तेथे 'कलमबहाद्दर' येतो. हे दोन शब्द एकाच माणसास दोन बाजूंनी पाहून लावले असतील असे आम्हांस त्या दिवसापूर्वी कधी सुचले नव्हते. पणजोबा दुष्ट नव्हते, असे सर्व म्हणतात. दुष्काळात त्यांनी गावास धान्य पुरविले, विहीर बांधली. दीडी हा त्या काळचा सर्वत्र चालणारा दर होता. हेही खरे आणि कागदही खरा.

आपल्याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील चरी येथे, १९३३ पासून १९३९ पर्यंत शेतकऱ्यांनी खोतांची जमीन न कसण्याचा संप केला. सहा वर्षे शेते पडीक ठेवून माणसे उपाशी राहिली. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांस पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्या संपाविषयी आमच्या घरी काय बोलले जात असे ते आम्ही वडिलांच्या तोंडून ऐकले आहे. 'त्यांना कोणीतरी लिहावयास शिकविले,' असे आजोबा म्हणत. ते तक्रारीच्या सुरात म्हणत. पण निदान अचूक होते.

हे सर्व या व्यासपीठावर बोलावे की नाही, याचा आम्ही चार दिवस विचार केला. काही ज्येष्ठांस ते रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु निमंत्रणपत्रिकेवर कलमाचा गौरव छापला गेला आणि त्या शब्दाचा अर्थ सांगण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा तीनपैकी दोनच अर्थ सांगून तिसरा गाळणे कोशकाराशी बेइमानी झाली असती.

त्या गहाणखताचे आम्ही काय केले, असे आपण विचाराल. पावसाळ्यानंतर एके दिवशी ते घेऊन आम्ही त्या वाडीवर गेलो. ऋणकोच्या खापरपणतूची भेट झाली. ते प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. आम्ही कागद त्यांच्या हाती दिला आणि मोडी मजकूर शब्दशः वाचून दाखविला. त्यांनी तो दोनदा वाचावयास लावला. नंतर नांगराच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाले, 'हा आमचा म्हातारा का?' आम्ही हो म्हटले; चित्र कोणी काढले ते त्या क्षणी सांगवले नाही. चहा झाल्यावर सांगितले. ते काही बोलले नाहीत. कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सातबाराच्या उताऱ्यांबरोबर ठेवला.

अलीकडे मोडी वाचणाऱ्यांस बरे दिवस आले आहेत. २०२३ पासून जातीच्या जुन्या नोंदी शोधण्यासाठी सरकारी दप्तरे उघडली गेली आणि मोडी जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला. परंतु घरोघरच्या माळ्यांवरील पेट्या अजून बंदच आहेत, आणि वाळवी वाट पाहत नाही. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते आमच्याकडे घेऊन यावेत. दर रविवारी सकाळी नऊपासून आम्ही येथल्याच सभागृहाच्या ओट्यावर बसतो. कागद मराठीत उतरवून देऊ. मूळ कागद ज्याचा त्यास परत मिळेल. आपल्या ज्ञातीबाहेरच्या मंडळींचे कागद असले तरी चालतील, आणि ज्यांवर नांगराची निशाणी असेल ते आधी वाचू.